सूर्यबहादुर थापा आणि नेपाळच्या राजेशाहीची पन्नास वर्षे

उत्तरायण

नेपाळच्या राजकारणाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुतेक कोइराला घराणे, माओवाद्यांचे युद्ध आणि जून २००१ मधील राजवाड्यातले हत्याकांड यांच्याभोवती फिरते. राजाच्या बाजूने उभे राहून ज्यांनी राजकारण केले त्यांची दखल क्वचितच घेतली जाते, आणि घेतली तरी 'दरबाराचे हुजरे' एवढ्यावर सगळ्यांची बोळवण होते. या मंडळींमधले सर्वांत मातब्बर नेते सूर्यबहादुर थापा. महेंद्र, वीरेंद्र आणि ज्ञानेंद्र अशा तीन राजांच्या काळात मिळून ते पाच वेळा पंतप्रधान झाले, मधल्या काळात त्याच राजेशाहीच्या तुरुंगात राहून आले, आणि शेवटी प्रजासत्ताक नेपाळच्या संविधान सभेचे सर्वांत वयोवृद्ध सभासद म्हणून बसले. त्यांच्या कारकिर्दीवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. थापांना राजा हवा होता, पण रोजचा कारभार स्वतः हाकणारा राजा नको होता. कारभार मंत्रिमंडळाने करावा, आणि त्या मंत्रिमंडळाच्या शिरोभागी आपण असावे, अशी त्यांची धारणा होती. दरबाराला नेमके हेच मान्य नव्हते. त्यामुळे अडचण आली की थापांना बोलवायचे आणि अडचण सरली की त्यांना घरी पाठवायचे, हा प्रकार चाळीस वर्षे चालला. राजेशाहीच्या पडझडीचे एक कारण मला इथे दिसते.

थापांचा जन्म १९२८ चा, पूर्व नेपाळच्या डोंगराळ धनकुटा जिल्ह्यातील मुगा या गावचा. ते पंतप्रधानपद वंशपरंपरेने चालवणाऱ्या राणांच्या घराण्यातले नव्हते आणि राजघराण्याचे सोयरेही नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण १९५१ पूर्वीच्या शंभर वर्षांत अशा माणसाला सत्तेच्या जवळपास फिरकणेही अशक्य होते. उच्च शिक्षण अलाहाबादेत झाले. राणाशाही कोसळल्यानंतर नेपाळी काँग्रेसच्या वाटेने न जाता त्यांनी राजाच्या छायेत राहून वर चढण्याचा मार्ग धरला. १९५८ मध्ये राजा महेंद्र यांनी सल्लागार सभा नेमली, तिचे अध्यक्षपद तिशीतल्या थापांकडे आले. पुढच्याच वर्षी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, १०९ पैकी ७४ जागा जिंकून नेपाळी काँग्रेसचे विश्वेश्वरप्रसाद कोइराला, म्हणजे सर्वांचे बी. पी., पंतप्रधान झाले, आणि १५ डिसेंबर १९६० रोजी महेंद्रांनी ते सरकार बरखास्त करून बी. पीं.ना कैदेत टाकले. थापा नव्या राजवटीत मंत्री झाले. त्यांच्या राजकारणावरचा पहिला आणि न पुसला जाणारा डाग हा, असे मी मानतो. लोकांनी निवडून दिलेले सरकार मोडणाऱ्या राजाची त्यांनी चाकरी पत्करली.

महेंद्रांनी डिसेंबर १९६२ मध्ये जी घटना दिली तिने पंचायत व्यवस्था आणली. पक्षांना बंदी. खाली गावाची आणि नगराची पंचायत, त्यावर जिल्हा, त्यावर अंचल, आणि सर्वांत वर राष्ट्रीय पंचायत. खालच्या पायरीवरच्या सभासदांनी वरच्या पायरीचे सभासद निवडायचे, त्यामुळे सामान्य मतदाराचे मत काठमांडूला पोचेपर्यंत दोनतीन चाळण्यांतून गेलेले असे. 'नेपाळच्या मातीला मानवणारी व्यवस्था' असे तिचे वर्णन केले जाई. तुलसी गिरी, कीर्तिनिधी बिष्ट आणि थापा हे या व्यवस्थेचे तीन प्रमुख शिलेदार. महेंद्रांनी या तिघांना आळीपाळीने पुढे केले. कोणाचेच बस्तान फार काळ बसू द्यायचे नाही, हा त्यामागचा हिशेब असावा. थापा पहिल्यांदा डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ एवढेच टिकले, पण जानेवारी १९६५ मध्ये परतले ते एप्रिल १९६९ पर्यंत.

ही चार वर्षे मला महत्त्वाची वाटतात. १९६४ च्या जमीन कायद्याने तराईत २५ बिघे, काठमांडू खोऱ्यात ५० रोपनी आणि डोंगराळ भागात ८० रोपनी अशी कमाल धारणा ठरवली होती, तिच्या अंमलबजावणीचा मुख्य काळ थापांच्या सरकारचा. १९६७ च्या घटनादुरुस्तीने कारभारात मंत्रिपरिषदेला अधिक जागा मिळाली. ऑक्टोबर १९६८ मध्ये बी. पी. कोइराला आणि त्यांच्याच पक्षाचे गणेशमान सिंह आठ वर्षांनंतर सुंदरीजलच्या कैदेतून सुटले, तेही थापा पंतप्रधान असताना. सुटकेचा निर्णय राजाचा होता हे खरे. तरीही गिरींच्या तुलनेत थापांच्या काळात व्यवस्थेची मूठ थोडी सैल झाली होती, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

मग आला ऑक्टोबर १९७२. महेंद्र निवर्तले होते आणि वीरेंद्र गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते. काठमांडूच्या जुन्या वस्तीत इटुंबहाल नावाचा मोठा चौक आहे. तिथल्या जाहीर सभेत या माजी पंतप्रधानाने राजकीय आणि घटनात्मक सुधारणांची मागणी केली. ज्या व्यवस्थेत पक्ष काढणे हा गुन्हा होता, तिथे व्यवस्थेच्याच एका खांबाने उघड्यावर अशी मागणी करणे ही साधी गोष्ट नव्हती. थापांना अटक झाली, त्यांची रवानगी नक्खू तुरुंगात झाली, आणि १९७४ मध्ये त्यांनी तुरुंगातच उपोषण केले. हुजऱ्याची कारकीर्द अशी नसते. मागणी करताना त्यांनी राजेशाहीविरुद्ध अवाक्षर काढले नाही, याकडेही लक्ष वेधतो. राजाने राजासारखे राहावे आणि उरलेले आमच्यावर सोपवावे, हाच त्यांचा आग्रह होता.

पुढचा भाग, म्हणजे १९८० चे जनमत (आपल्याकडच्या भाषेत सार्वमत), सर्वांत वादग्रस्त आहे. त्यावर जाणकारांनी आधी लिहावे, मग मी माझे मत देईन.

चारकोस

धाग्याचा विषय उत्तम आहे आणि मांडणीही अभ्यासपूर्ण आहे, पण आपण थापांना फारच सांभाळून घेतले आहे. दोन गोष्टी आपल्या लेखात यायला हव्या होत्या.

पहिली गोष्ट दुर्गानंद झा यांची. जनकपूरमध्ये १९६२ साली राजा महेंद्रांवर बाँब टाकल्याबद्दल मधेशातल्या, म्हणजे तराईतल्या, या तरुणाला जानेवारी १९६४ मध्ये फाशी देण्यात आली. त्या वेळी मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष कोण होते, हे आपणच दिलेल्या तारखांवरून कळते. थापांच्या पहिल्या, दोन महिन्यांच्या कारकिर्दीतली ही घटना आहे. दुसरी गोष्ट छिन्ताङची. १९७९ मध्ये, जनमताची घोषणा होऊन वातावरण मोकळे होऊ लागले आहे असे सांगितले जात असताना, धनकुटा जिल्ह्यातल्या छिन्ताङ गावी डाव्या विचारांच्या शेतकऱ्यांना सुरक्षा दलांनी ठार मारले. पंतप्रधान थापा होते आणि जिल्हाही त्यांचाच. मूठ सैल झाली होती असे म्हणताना ही माणसे हिशेबात धरली पाहिजेत.

आता जनमताकडे वळतो. एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानात भुट्टोंना फाशी दिली गेली, तिच्या निषेधार्थ काठमांडूत विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, पोलिसांनी तो चिरडला, आणि पाहता पाहता आंदोलन देशभर पसरले. त्या धक्क्याने राजा वीरेंद्रांनी २४ मे रोजी रेडिओवरून जनमताची घोषणा केली : सुधारित पंचायत व्यवस्था की बहुदलीय व्यवस्था, हे प्रौढ मतदारांनी गुप्त मतदानाने ठरवावे. पंतप्रधानपदावरून बिष्ट गेले आणि थापा आले. निवाडा २ मे १९८० रोजी लागायचा होता, म्हणजे तयारीला जवळपास वर्ष मिळाले, आणि त्या वर्षभर सरकारी यंत्रणा, तिजोरी आणि गावागावातले पंच हे सगळे थापांच्या हाती होते.

पिवळी मतपत्रिका पंचायतीची, निळी बहुदलाची. पिवळ्याला सुमारे २४ लाख ३३ हजार मते पडली आणि निळ्याला सुमारे २० लाख ८ हजार. म्हणजे ५५ विरुद्ध ४५ टक्के. हा निकाल कसा घडवला गेला, यावर नेपाळमध्ये आजही सर्वाधिक बोलले जाते ते तराईच्या जंगलाबद्दल. शिवालिकच्या पायथ्याशी पूर्वपश्चिम पसरलेल्या सालाच्या अरण्याला तिकडे 'चारकोसे झाडी' म्हणतात. जनमताच्या प्रचाराला पैसा उभा करण्यासाठी ही झाडी तोडण्याचे परवाने वाटले गेले, असा आरोप थापांवर आयुष्यभर राहिला. मताधिक्य सव्वाचार लाखांचे. एवढ्या फरकात सरकारी यंत्रणेचा आणि पैशाचा वाटा किती, हे मोजता येणार नाही, पण तो नगण्य होता असे म्हणायलाही माझी जीभ धजत नाही. थापांनी इटुंबहालला जे मागितले होते ते मतपेटीतून मिळण्याची संधी १९८० साली चालून आली होती, आणि ती हुकवण्याच्या मोहिमेचे नेतृत्व स्वतः थापांनी केले. याचे उत्तर आपल्याकडून अपेक्षित आहे.

जुना वाचक

चारकोस यांच्या प्रतिसादात एक भर घालतो. निकाल लागल्यावर बी. पी. कोइरालांनी तो स्वीकारला. त्यांच्या पक्षातल्या अनेकांना हे पटले नव्हते. गैरप्रकारांबद्दल बोलावे आणि निकाल नाकारावा असा दबाव त्यांच्यावर होता. राजाने लोकांना विचारले, ही गोष्टच पुढच्या काळासाठी मोलाची आहे आणि आपण निकाल झिडकारला तर पुन्हा कोणी विचारणार नाही, अशी त्यांची दृष्टी होती. दोन वर्षांनी, जुलै १९८२ मध्ये, ते वारले. दहा वर्षांनी बहुदलीय व्यवस्था आली तेव्हा २० लाख मतांचा तो आकडा किती उपयोगी पडला हे सर्वांनी पाहिले. पंचायतीला ४५ टक्के लोकांचा विरोध आहे, हे सरकारी कागदावर नोंदवले गेले ते थापांच्याच कारकिर्दीत.

दुसरे असे की जिंकल्यावर 'सुधारित' या शब्दाची किंमत चुकवावी लागली, आणि ती थापांनाच चुकवावी लागली. डिसेंबर १९८० च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय पंचायतीच्या १४० पैकी ११२ जागा प्रौढ मतदानाने थेट निवडून येऊ लागल्या, २८ जणांची नेमणूक राजा करी. पंतप्रधान हा राष्ट्रीय पंचायतीच्या शिफारशीने नेमला जाऊ लागला आणि त्याच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणणे शक्य झाले. मे १९८१ च्या निवडणुकीनंतर थापा या नव्या पद्धतीने पंतप्रधान झाले, आणि जुलै १९८३ मध्ये याच नव्या तरतुदीने त्यांना पायउतार केले. पंचायतीच्या इतिहासातला तो पहिला यशस्वी अविश्वास ठराव. पक्षच नसलेल्या सभागृहात पंतप्रधानाविरुद्ध इतकी एकजूट एकाएकी कुठून आली, हे समजायला फार डोके चालवावे लागत नाही. लोकेंद्रबहादुर चंद त्यांच्या जागी आले. पुढची काही वर्षे थापा एका 'भूमिगत गिरोह'विषयी बोलत राहिले : दरबाराच्या आडोशाला राहून, कोणतीही जबाबदारी न घेता, सरकारे पाडणारी आणि बसवणारी टोळी. हा शब्दप्रयोग नेपाळी राजकारणात इतका रुळला की पंचायतीच्या शेवटच्या वर्षांविषयी बोलताना विरोधकही तो वापरत.

उत्तरायण

चारकोस आणि जुना वाचक, दोघांचेही मनापासून आभार. दुर्गानंद झा आणि छिन्ताङ यांचा उल्लेख या धाग्यात असणे आवश्यकच होते.

जनमताबद्दल माझे मत असे. थापांनी १९७२ मध्ये जे मागितले ते बहुदलीय लोकशाही नव्हते. पंचायतीच्या चौकटीत थेट निवडणूक आणि जबाबदार मंत्रिमंडळ एवढ्यावर त्यांचा भर होता, आणि तिसऱ्या दुरुस्तीने कागदावर तरी ते मिळाले. त्यामुळे १९८० साली त्यांनी स्वतःच्या मागणीशी प्रतारणा केली असे मला म्हणता येत नाही. जंगलाच्या आरोपाबद्दल मात्र मी त्यांचा बचाव करणार नाही. तराईची झाडी त्या दशकात झपाट्याने विरळ झाली, आणि राज्ययंत्रणा एका बाजूच्या दावणीला बांधून घेतलेले जनमत हे निखळ जनमत राहत नाही. बी. पीं.नी जो मोठेपणा दाखवला, त्याच्या जवळपास जाणारी एकही कृती त्या वर्षातल्या थापांच्या खात्यावर मला सापडत नाही.

पण माझा मूळ मुद्दा जुना वाचक यांच्या प्रतिसादाने अधिक पक्का होतो. ज्या माणसाने राजेशाहीला तिची सर्वांत कठीण परीक्षा जिंकून दिली, त्याला तीन वर्षांत बाजूला सारले गेले. कारण त्याच्याकडे आता निवडून आलेल्या सभागृहाचा आधार होता, आणि असा पंतप्रधान दरबाराला नुसत्या नेमलेल्या पंतप्रधानापेक्षा जड जातो. १९८३ नंतरच्या सात वर्षांत पंचायतीने जनाधार असलेला एकही माणूस पुढे येऊ दिला नाही. १९९० च्या जनआंदोलनात जेव्हा रस्ते भरले, तेव्हा राजाच्या बाजूने लोकांशी बोलू शकेल असे कोणीच शिल्लक नव्हते. ६ एप्रिलला चंदांना घाईघाईने पंतप्रधान केले, ८ एप्रिलला पक्षांवरची बंदी उठली, आणि तीस वर्षांची व्यवस्था संपली.

नर्मदातीर

१९९० नंतरच्या काळाविषयी थोडे लिहितो, कारण थापांच्या खऱ्या राजकीय कौशल्याची कसोटी तिथे लागली असे मला वाटते. पंचायतीतली सगळी नाती राजवाड्यातून सुरू होत. आता मते मागायची होती, पक्ष बांधायचा होता आणि विरोधकांशी सभागृहात वाटाघाटी करायच्या होत्या.

बंदी उठल्यानंतर दोन महिन्यांच्या आत पंचायत व्यवस्थेतल्या जुन्या पंचांनी राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी काढली, आणि ती एकाच नावाच्या दोन पक्षांच्या रूपात काढली : एक थापांचा, एक चंदांचा. मे १९९१ च्या निवडणुकीत चंद गटाला ३ आणि थापा गटाला १ जागा मिळाली. पंचायतीला ५५ टक्के मते मिळाल्याचे सांगणाऱ्यांची ही अवस्था. पुढच्या वर्षी दोन्ही गट एक झाले, आणि १९९४ च्या मध्यावधी निवडणुकीत २०५ च्या सभागृहात या पक्षाने २० जागा घेतल्या. एमाले या कम्युनिस्ट पक्षाला ८८ आणि काँग्रेसला ८३ जागा असल्यामुळे या २० जणांशिवाय कोणाचेच सरकार चालेना. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या विरोधात आंदोलन झाले त्यांच्या दाराशी काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोघेही रांगेत उभे राहिले. मार्च १९९७ मध्ये एमालेच्या पाठिंब्याने चंद पंतप्रधान झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने थापा. खासदारांना जकातमाफीने आणलेल्या गाड्या मिळू लागल्या म्हणून 'पजेरो संस्कृती' हा शब्द त्या काळात रूढ झाला. लोकशाहीवरचा सामान्य माणसाचा विश्वास या वर्षांत जितका उडाला तितका आधी कधीच उडाला नव्हता, आणि त्याच काळात, फेब्रुवारी १९९६ मध्ये, माओवाद्यांनी युद्ध पुकारले होते. या घसरणीत काँग्रेस आणि एमाले यांच्याइतकाच थापांचाही वाटा आहे.

मराठी वाचकांसाठी एक नोंद. याच पक्षातले तिसरे मोठे नाव म्हणजे पशुपतिशमशेर राणा, शेवटचे राणा पंतप्रधान मोहनशमशेर यांचे नातू. त्यांच्या पत्नी उषाराजे या ग्वाल्हेरच्या जिवाजीराव आणि विजयाराजे शिंदे यांच्या कन्या. विजयाराजेंचे स्वतःचे आजोळ राणांचे, सागरला येऊन राहिलेल्या खड्गशमशेर यांच्या कुळातले. थापांच्या गोष्टीत याला महत्त्व आहे ते असे : डिसेंबर २००२ मध्ये पक्षाचे अध्यक्षपद पशुपतिशमशेर यांच्याकडे गेले आणि धनकुट्याच्या खेड्यातून आलेल्या थापांची स्वतःच उभारलेल्या पक्षावरची पकड सुटू लागली. दोन वर्षांनी त्यांनी पक्षच सोडला.

घटनाभ्यासक

१९९८ च्या घटनात्मक पेचाचा उल्लेख राहिला आहे. आपल्याविरुद्ध अविश्वास ठराव येणार हे दिसताच थापांनी जानेवारी १९९८ मध्ये प्रतिनिधी सभा विसर्जित करण्याची शिफारस केली. १९९० च्या घटनेखाली राजा वीरेंद्रांसमोर दोन कागद होते : पंतप्रधानाची विसर्जनाची शिफारस आणि खासदारांची विशेष अधिवेशनाची मागणी. पंचायतीच्या काळातला राजा असता तर त्याने हवे ते केले असते. वीरेंद्रांनी स्वतः निर्णय न घेता सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले, न्यायालयाच्या बहुमताने अधिवेशन बोलवावे असे सांगितले, आणि राजाने तसे केले. थापा तो ठराव थोडक्यात तरून गेले आणि आधी ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये गिरिजाप्रसाद कोइरालांना वाट करून दिली.

घटनात्मक राजा कसा असतो याचे नेपाळच्या इतिहासातले इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. थापा आयुष्यभर जसा राजा मागत होते तसा राजा त्यांना अखेर भेटला, आणि त्या राजाचा पहिला निर्णय त्यांच्याच शिफारशीच्या विरोधात गेला. या निर्णयाविरुद्ध थापांनी काही आदळआपट केली नाही. उत्तरायण यांच्या मांडणीला पुष्टी देणारा हा प्रसंग आहे, म्हणून मुद्दाम नोंदवला.

चारकोस

घटनाभ्यासक यांचा मुद्दा मान्य. मग त्याच थापांनी जून २००३ मध्ये पद का स्वीकारले? २००१ च्या हत्याकांडात वीरेंद्र मारले गेल्यावर गादीवर आलेल्या राजा ज्ञानेंद्रांनी ऑक्टोबर २००२ मध्ये निवडून आलेले पंतप्रधान शेरबहादुर देउवा यांना 'अकार्यक्षम' ठरवून काढले होते. सभागृह विसर्जित झालेले होते. चंदांना नेमून झाले, ते टिकले नाहीत. पाच पक्षांनी एकत्र येऊन माधवकुमार नेपाळ यांचे नाव सुचवले, ते राजाने डावलले आणि थापांना नेमले. ज्या नेमणुकीला ना सभागृहाचा आधार ना पक्षांचा, ती घटनात्मक राजेशाहीच्या कोणत्या व्याख्येत बसते? आणि त्या वर्षभरात काय झाले तेही पाहावे. माओवाद्यांशी जानेवारीपासून शस्त्रसंधी चालू होती. ऑगस्टमध्ये वाटाघाटींची तिसरी फेरी सुरू होत असतानाच रामेछापच्या दोरम्बा गावात सैन्याने पकडलेल्या माओवाद्यांना नेऊन गोळ्या घातल्या, आणि महिनाअखेरीस शस्त्रसंधी मोडली. सैन्य पंतप्रधानाला विचारत नव्हते हे उघड आहे. मग असे पंतप्रधानपद घ्यायचे कशाला?

उत्तरायण

हा प्रश्न रास्त आहे, आणि याचे समाधानकारक उत्तर थापांच्या कारकिर्दीत मिळत नाही. पंचाहत्तरीला आलेल्या या नेत्याला आपण राजा आणि पक्ष यांच्यात मध्यस्थी करू शकू असा विश्वास होता, असे मला वाटते. तो विश्वास चुकीचा होता. पाच पक्षांनी रस्त्यावर आंदोलन चालू ठेवले, राजाने काही सोडले नाही, आणि ७ मे २००४ रोजी थापांनी राजीनामा दिला. जून २००३ मधला होकार हा १९६० मधल्या होकाराचाच दुसरा अवतार आहे, हे चारकोस यांचे सूचन मी नाकारत नाही.

मात्र पुढची पायरी पाहिली पाहिजे. १ फेब्रुवारी २००५ रोजी ज्ञानेंद्रांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि स्वतः मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष झाले. आपल्या दोन्ही बाजूंना उपाध्यक्ष म्हणून त्यांनी कोणाला बसवले? तुलसी गिरी आणि कीर्तिनिधी बिष्ट. महेंद्रांच्या काळातल्या तिघांपैकी दोघे चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच कामावर हजर झाले. तिसरा त्या मंत्रिपरिषदेत नव्हता. थापांनी नोव्हेंबर २००४ मध्ये जुना पक्ष सोडला होता आणि मार्च २००५ मध्ये, राजाची थेट राजवट सुरू असताना, राष्ट्रीय जनशक्ती पार्टी काढली. राजवाड्यातून राज्य करायला निघालेल्या राजाला या वेळी थापांनी सोबत केली नाही. चौदा महिन्यांत, एप्रिल २००६ मध्ये, ती राजवट कोसळली.

जुना वाचक

भारताशी असलेल्या संबंधांचा धागा कोणी उचलला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. थापांकडे नेहमी दिल्लीला जवळचा नेता म्हणून पाहिले गेले. जानेवारी १९६५ मध्ये ते पंतप्रधानपदी आले त्याच आठवड्यात भारत आणि नेपाळ यांच्यात शस्त्रपुरवठ्याचा गुप्त करार झाला. ते एप्रिल १९६९ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या बिष्टांनी जूनमध्येच तो करार बंधनकारक नसल्याचे जाहीर करून भारतीय लष्करी पथक आणि उत्तर सीमेवरच्या चौक्यांतले भारतीय कर्मचारी परत पाठवण्याची मागणी केली. महेंद्रांनी दिल्लीशी जुळवून घ्यायचे असेल तेव्हा थापांना आणि अंतर राखायचे असेल तेव्हा बिष्टांना पुढे केले, असा याचा सरळ अर्थ लागतो. पुढे नेपाळात राष्ट्रवाद म्हणजे भारतविरोध असे समीकरण रुजले, आणि राजनिष्ठांच्या वर्तुळातही थापांकडे त्यामुळे संशयाने पाहिले गेले.

नर्मदातीर

मतदारांनी शेवटी काय कौल दिला तेही इथे असावे. मे २००८ मध्ये पहिल्या संविधान सभेने प्रजासत्ताकाची घोषणा केली तेव्हा बाजूने ५६० आणि विरोधात ४ मते पडली. ती चार मते कमल थापांच्या राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी नेपाळची होती, म्हणजे राजा आणि हिंदू राष्ट्र दोन्ही परत हवे असे उघडपणे सांगणाऱ्या पक्षाची. सूर्यबहादुरांच्या जनशक्ती पार्टीला त्या सभेत ३ जागा होत्या. नोव्हेंबर २०१३ च्या दुसऱ्या निवडणुकीपूर्वी सूर्यबहादुर पशुपतिशमशेर यांच्याबरोबर पुन्हा जुन्या पक्षात एकत्र आले होते आणि अध्यक्ष झाले होते. त्यांच्या पक्षाला १३ जागा मिळाल्या आणि कमल थापांच्या पक्षाला २४. काँग्रेसचे कोइराला आणि भट्टराई, कम्युनिस्ट नेते अधिकारी अशा सगळ्यांशी बोलून मार्ग काढणारा जुना राजनिष्ठ मागे पडला आणि 'राजा परत आणा' म्हणणारा पुढे गेला.

त्या सभेचा ज्येष्ठतम सभासद म्हणून जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रपती रामवरण यादव यांनी सूर्यबहादुरांना शपथ दिली, आणि उरलेल्या सभासदांना सूर्यबहादुरांनी दिली. पहिल्या बैठकीचे अध्यक्षही तेच होते. १९५८ च्या सल्लागार सभेचे अध्यक्षपद राजाने दिले होते, हे वयाने मिळाले. १५ एप्रिल २०१५ रोजी दिल्लीजवळ गुरगावच्या रुग्णालयात उपचार चालू असताना ते वारले. कमल थापांचा पक्ष आणि सूर्यबहादुरांचा पक्ष पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, एक झाला. या नव्या घरात सूर्यबहादुरांच्या पद्धतीचे राजकारण करणारे कोणी उरले का, असा प्रश्न मला पडतो.

उत्तरायण

नर्मदातीर यांच्या प्रश्नावर एवढेच म्हणेन. मार्च २०२५ मध्ये काठमांडूच्या तिनकुने भागात राजेशाहीच्या मागणीसाठी निघालेल्या निदर्शनाला हिंसक वळण लागून दोघांचा जीव गेला. त्या आंदोलनाचे नेतृत्व ज्या समितीने केले तिचे निमंत्रक नवराज सुवेदी हे पंचायतीच्या काळातले राष्ट्रीय पंचायतीचे अध्यक्ष. राजा परत यावा ही मागणी त्यांनी जोरात मांडली. पण परत आलेल्या राजाचे अधिकार कोणते, सैन्य कोणाच्या आज्ञेत राहणार आणि पंतप्रधान कोणाला उत्तरदायी असणार, यावर त्या व्यासपीठावरून ठोस काही आले नाही. थापांनी इटुंबहालला मांडला तो हाच विषय होता, आणि त्यासाठी ते नक्खूला गेले होते. आजच्या राजेशाहीवाद्यांनी त्यांची जयंती साजरी करण्याऐवजी हे तीन प्रश्न आपल्या जाहीरनाम्यात लिहून त्यांची उत्तरे द्यावीत. चारकोस यांना २००३ बद्दल अजून काही म्हणायचे असेल तर जरूर लिहावे. विशेषतः दोरम्बानंतरच्या चौकशीविषयी इथे अद्याप काही आलेले नाही.